तुकोबांच्या वाटेवरचा ख्रिस्तभक्त संन्यासी

आषाढ शुद्ध एकादशीचा हा महामंगल दिवस. आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबारायांची पालखी वाखरीचा मुक्काम आटोपून पंढरीत दाखल झाली आहे. चंद्रभागेचे वाळवंट टाळमृदंगाच्या घोषाने दुमदुमत आहे, आणि ज्यांना प्रत्यक्ष वारी घडली नाही असे लक्षावधी भाविक घरोघरी उपोषित राहून विठ्ठलनामात रमले आहेत. अशा दिवशी या पानावर एखादे संतचरित्र यावे ही जुनी परिपाठी आहे. तिला अनुसरूनच आम्ही आज एक चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. मात्र ज्यांचे हे चरित्र ते गृहस्थ वारकरी नव्हते. त्यांचा जन्म कोकणस्थ ब्राह्मण कुळातला, अध्ययन संस्कृताचे, वाणी रसाळ. आणि ऐन उमेदीत त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ते फुलामुलांचे कवी म्हणून ठाऊक आहेत. परंतु कवी टिळकांच्या पाठीमागे उभा असलेला विरक्त पुरुष आपल्यापैकी फार थोड्यांना परिचित आहे.

एकादशीच्या दिवशी धर्मांतर केलेल्या माणसाची कथा कशाला, असा प्रश्न काही श्रद्धाळू वाचकांच्या मनात येईल. तो योग्यच आहे, आणि आमच्याही मनात तो वर्षानुवर्षे होता. आमचे वडील कीर्तनकार होते. कर्मठ होते. टिळकांचे नाव घरात निघाले की ते विषय बदलीत. आमच्या मातोश्रींनी मात्र लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ कोठून तरी मिळवून, दुपारी सारे घर निजले असता, माजघरात बसून वाचली होती. वाचता वाचता त्या हसत आणि मध्येच पदराने डोळे पुशीत, ते आम्ही लहानपणी पाहिले आहे. त्या पुस्तकाने आईला रडविणारा माणूस आहे तरी कोण, हे कुतूहल तेव्हापासूनचे. पुढे संस्कृताचे अध्ययन आणि कीर्तनाची गादी दोन्ही वाट्यास आल्यावर त्या कुतूहलाचे अभ्यासात रूपांतर झाले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. आईवर त्यांची निरतिशय भक्ती होती. वडिलांचा स्वभाव तापट. बालवयातच मातेचे छत्र हरपले आणि घराची ओढ संपली. पोरके मन घेऊन हा मुलगा नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानापाशी त्यांना संस्कृत काव्यशास्त्राचे धडे मिळाले. बुद्धी तल्लख, स्मरण तीव्र, आणि काव्यस्फूर्ती तर उपजतच. इंग्रजी शिक्षण मात्र अल्पकाळच घडले. सुमारे १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील अकरा वर्षांच्या मनूताईशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई झाल्या. त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे प्रस्थ विलक्षण होते, हे येथेच सांगून ठेवतो. कारण पुढील कथेत त्याला फार महत्त्व आहे.

विवाहानंतरची टिळकांची पंधरा वर्षे म्हणजे एक अखंड भ्रमंती होय. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पुराणिक वा व्याख्याते, परवा एखाद्या मासिकाचे संपादक. पैसा हाती आला की तो टिकत नसे. याचकास विन्मुख पाठविणे त्यांना ठाऊकच नव्हते, आणि घरी काय शिजणार याचा विचारही बहुधा सुचत नसे. नागपूरचे श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे व भाषांतराचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालविले. पण या साऱ्या धावपळीच्या मुळाशी एक तळमळ होती. ईश्वर पिता आहे आणि मनुष्यमात्र त्याचे लेकरू आहे, तर मग एका लेकराने दुसऱ्याच्या सावलीचा विटाळ का मानावा? या देशाची पडझड कोणत्या धर्माने सावरेल? असे प्रश्न त्यांना छळीत. ते कोणी आळशी नास्तिक नव्हते. देवाचा ठाव लागत नाही म्हणून व्याकूळ झालेला तो एक मुमुक्षू होता.

१८९३ साली नोकरीच्या शोधात ते राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने निघाले असता डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. काव्यशास्त्राच्या गोष्टी झाल्या, मग धर्माच्या निघाल्या. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली, आणि हे मन लावून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना त्या वेळी ते हास्यास्पद वाटले. परंतु येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांचे मन हलेना. शत्रूवर प्रीती करावी, दान गुप्त असावे, उद्याची चिंता वाहू नये, जे मनाने शुद्ध त्यांना देवदर्शन घडते, हा तेथील उपदेश. जे प्रश्न त्यांना छळीत होते त्यांची उत्तरे त्यांना तेथे मिळाली. पुढे दोन वर्षे शंका, पत्रव्यवहार आणि आत्मपरीक्षण यांत गेली. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्यांशी त्यांचा संबंध आला तो याच काळात. हेच अ‍ॅबट पुढे महिपतींच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करून आपल्या संतांची कीर्ती सातासमुद्रापार नेणारे ठरले, हा योगायोग मोठा मनोरम आहे. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. धर्मांतराची गोष्ट सांगताना सांगणारे बहुधा दोन टोके गाठतात. कोणी त्या माणसाला भ्रष्ट ठरवितो, तर कोणी त्याला वीर ठरवून मोकळा होतो. आणि दोघांनाही घरातील बाईचे रडणे ऐकू येत नाही. टिळकांच्या निर्णयाची किंमत सर्वांत आधी मोजली ती लक्ष्मीबाईंनी. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. समाजाची बोटे रोखलेली. नातलगांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले. काही काळ त्यांचे वास्तव्य पंढरपुरातही होते. ज्या पांडुरंगाच्या पायी आज आपण मस्तक ठेवतो, त्याच्याच नगरीत या माउलीने आपले दुःख वाहिले आहे. टिळकांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांची पत्रे येत, ते स्वतः भेटीस येत, तळमळत. पण घेतलेला निर्णय त्यांनी सोडला नाही. याला निष्ठा म्हणावे की निष्ठुरता? आम्ही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे, आणि दोन्ही शब्द खरे आहेत असेच आम्हांस वाटते. गौतम मध्यरात्री निघून गेला तेव्हा यशोधरा मागे राहिली होतीच. ज्या परमार्थाचा आपण गौरव करतो, त्याचे ऋण बहुधा कोणीतरी दुसऱ्याने फेडलेले असते, हे भाविकांनी विसरू नये.

चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पतिपत्नींचा संसार पुन्हा एकत्र आला, तो अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. आणि येथे टिळकांच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत गोड वाटणारा भाग येतो. पत्नी आली ती आपले सोवळे घेऊन आली. तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ज्या माणसाने जातिभेदाला विटून पूर्वजांचा धर्म सोडला, त्याने स्वतःच्या घरात ते सोवळे मुकाट्याने सांभाळले. बळजबरी केली नाही, उपहास केला नाही. पुढे एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार उगवला की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसामाणसाच्या देहात, रक्तात, जन्ममरणात काही भेद दिसला असता. तो तर कोठे दिसत नाही. त्या क्षणापासून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास प्रारंभ केला. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. माहेरच्या कडकडीत सोवळ्यात वाढलेली ही स्त्री पुढे अनाथ लेकरांना पोटाशी धरू लागली आणि प्लेगच्या भीषण साथीत रोग्यांची शुश्रूषा करू लागली.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळक अध्यापक झाले, पुढे त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांच्याकडे होते. पण या पदांहून मोठे कार्य त्यांनी वेगळेच केले. त्या वेळचा देशी ख्रिस्ती समाज उपासनेत बव्हंशी विलायती चालींची भाषांतरित गीते गाई. शब्द मराठी, परंतु जीव परका. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंग दिला, ओवी दिली, पदे दिली. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले, माउली म्हटले. वात्सल्याने ओथंबलेली ही हाक त्यांनी कोठून आणली, हे वारकऱ्याला सांगावयास नको. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या सेतूवरून, अशी त्यांची स्वतःचीच भावना होती, आणि ती त्यांनी कधी लपविली नाही. ‘अभंगांजली’ हा त्यांचा संग्रह त्या भावनेची साक्ष आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची पुष्कळ पदे आहेत आणि ती आजही गाइली जातात.

कीर्तनाच्या बाबतीत तर आम्हांस त्यांच्याविषयी विशेष जवळीक वाटते. ख्रिस्तचरित्रावर मराठी कीर्तन करण्याची प्रथा नगरकडे त्यांच्या आधीच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी पाडली होती. टिळकांनी ती आपल्या विद्वत्तेने व रसवंतीने पुष्ट केली. आपल्या कीर्तनातील पूर्वरंग आणि आख्यान यांचा साचा येशूच्या कथेला किती सहज बसतो! एक मेंढरू हरवले म्हणून नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून रानोमाळ धुंडणारा मेंढपाळ, किंवा उधळ्या पुत्राला दुरून पाहून धावत सुटणारा पिता, ही आख्याने नारदीय गादीवर उभा राहणारा कोणताही कीर्तनकार ओळखील. ख्रिस्ताचे समग्र चरित्र ओवीबद्ध करावे या हेतूने टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. त्यांच्या हातून आरंभीचे थोडे अध्याय झाले. राहिलेल्या ग्रंथाचा फार मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी रचला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीने पतीचे अपुरे पुराण पुढे न्यावे, हा प्रसंग आपल्या भक्तिपरंपरेत शोभून दिसेल असाच आहे.

आणखी एक गोष्ट. बालकवी ठोंबरे हे टिळकांच्या घरी पुत्रवत राहिले होते. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्या कोवळ्या मुलाचे तेज प्रकट झाले, आणि पुढे टिळक दांपत्याने त्याला आपल्या छायेखाली घेतले. धर्मप्रसार हेच ज्याचे ब्रीद, त्याच्या घरात हा मुलगा राहिला, जेवला, रुसला, कविता लिहिता झाला. आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिला. १९१८ साली रेल्वे अपघातात बालकवी गेले तेव्हा टिळकांच्या घरी पुत्रशोकच झाला. माणसावर प्रेम करताना त्याच्याकडून काही घ्यावयाचे नसते, हे ज्याला उमगले त्यालाच असे वागता येते.

आता आपण त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या आणि आमच्या मते सर्वश्रेष्ठ पर्वाकडे येतो. १९१७ साल. वय पंचावन्नाच्या पुढे, शरीर थकलेले, कीर्ती सर्वदूर. सामान्य माणूस अशा वेळी निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडतो. टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्यासवृत्ती पत्करली. पत्नीचा त्याग करून नव्हे. गृहस्थ राहूनच ते संन्यासी झाले. साताऱ्यास जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तसंघ आरंभिला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्यांनाही होती. ख्रिस्तावर प्रेम आणि माणसाची सेवा एवढीच पात्रता. ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी हिंदी माणसाने आपली भाषा, आपली वेशभूषा, आपला देशाभिमान टाकण्याचे कारण नाही, हे त्यांचे आयुष्यभराचे प्रतिपादन होते. जो उपदेशक परदेशातून येणाऱ्या पैशावर जगतो, त्याचे बोल देशबांधवांच्या अंतःकरणात शिरताना अडखळतात, ही सल त्यांना असावी. म्हणून त्यांनी बोलाआड येणारा पैसाच दूर केला.

हे वाचताना आमची मान खाली जाते, आणि त्याचे कारण आम्ही वाचकांपासून लपवू इच्छीत नाही. आमच्या तरुणपणी एका खेड्यात आम्ही सप्ताहाचे कीर्तन केले. विषय होता वैराग्य. रंग उत्तम भरला, श्रोत्यांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळींनी बिदागी हाती ठेवली ती ठरल्यापेक्षा थोडी कमी होती, पाऊस नसल्याने वर्गणी जमली नव्हती. आम्ही अडून बसलो. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने धोतराच्या सोग्यातून चुरगळलेल्या नोटा काढून भर घातली आणि वर आमच्या पायांवर डोके ठेवले. आम्ही पैसे घेतले आणि एस.टी.त बसलो. त्या गोष्टीला चाळीस वर्षे होऊन गेली. त्या शेतकऱ्याचे नाव आम्ही त्या वेळी विचारले नाही, म्हणून आज क्षमाही मागता येत नाही. टिळकांनी पगार सोडल्याचा प्रसंग पुढे वाचला, तेव्हा तो म्हातारा आमच्यापुढे येऊन उभा राहिला. आम्ही वैराग्यावर कीर्तन केले. टिळकांनी वैराग्य केले. हा भेद धर्माचा नव्हे, आचरणाचा आहे.

दरबार फार दिवस भरला नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांनी देह ठेवला. आपल्या देहाचे दफन न करता दहन व्हावे, ही त्यांची इच्छा होती व ती पाळण्यात आली. अस्थी अहमदनगरास विसावल्या. दरबार विरला, तरी त्यातील बीज वाया गेले नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. साधी राहणी, हिंदी वेश, सामुदायिक प्रार्थना आणि सेवा ही त्याची रीत होती, आणि पुढे पुण्यास त्याचा आश्रम उभा राहिला. लक्ष्मीबाई १९३६ साली निवर्तल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांत आजही अग्रस्थानी आहेत, आणि टिळकांना देव न करता माणूस म्हणून आपल्यापुढे उभे करण्याचे श्रेय त्याच ग्रंथाला आहे.

देवाला वाहिलेले ख्रिस्ती जीवन आजही आपल्या आसपास आहे, फक्त आपले लक्ष नसते. कॅथलिक परंपरेतील धर्मभगिनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. स्वतःचे म्हणून काही ठेवीत नाहीत. आणि शाळांतून, रुग्णालयांतून, कुष्ठरोग्यांच्या शय्येपाशी आयुष्य वेचतात. टिळकांचा मार्ग प्रॉटेस्टंट व प्रापंचिक असल्याने तो बाह्यतः वेगळा होता. गाभा एकच होता, तो म्हणजे आपले काही नाही, सर्व त्याचे आहे हा भाव. आपल्याकडे याला समर्पण म्हणतात. ज्याने ते केले त्याची जात, वेश, उपासना विचारू नये, असे आपल्याच संतांनी आपल्याला शिकविले आहे.

टिळकांनी केलेले धर्मांतर आम्हांस पटते का, असे कोणी विचारील. आम्ही आमच्या पांडुरंगापाशी सुखी आहोत. ज्या प्रश्नांनी टिळकांना बाहेर नेले, त्यांची उत्तरे आमच्या संतांच्या घरातच आहेत, असे आम्ही मानतो. पण त्याच श्वासात हेही कबूल केले पाहिजे की ती उत्तरे संतांच्या ग्रंथांत होती, आपल्या माजघरात नव्हती. असती, तर तुकोबांवर जीव टाकणारा हा शास्त्री कदाचित आपल्याच दिंडीत पताका घेऊन चालला असता. दोष देणेच असेल तर तो जाणाऱ्याला देण्यापूर्वी दार लावून बसलेल्यांनी स्वतःकडे पाहावे.

वाचकहो, आज रात्री हरिजागर होईल आणि उद्या द्वादशीचे पारणे सुटेल. पान वाढताना एक पान दारी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी राखून ठेवावे, आणि तो कोण, कोठला हे न विचारता त्याला आपल्याच पंक्तीत बसवावे. आमच्या घरी यंदापासून हा नेम आम्ही धरला आहे. त्या नाव न विचारलेल्या शेतकऱ्याच्या स्मरणार्थ आम्ही तो धरला, आणि नारायण वामन टिळक नावाच्या त्या ख्रिस्तभक्त संन्याशाच्याही.